पेनड्राइव्हमध्ये पुन्हा पुन्हा शॉर्टकट होतात: मुळासकट काढायचं कसं

पेनड्राइव्ह लावला की काल टाकलेली फोल्डरं दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हावर खाली डावीकडे छोटा बाण आलेला असतो. कधी सगळंच गायब आणि आत ड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट. मग कुणीतरी अँटिव्हायरस फिरवतं, पेनड्राइव्ह फॉरमॅट होतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

सोलापुरात या त्रासाला तारखा आहेत. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेला, जीएसटीआर-३बीची २० तारखेला. त्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे बॅकअप पेनड्राइव्हवर कर सल्लागाराच्या ऑफिसात जातात. तोच पेनड्राइव्ह डिझायनरकडून टॉवेलचं नवं डिझाइन घेऊन मागावरच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला लागतो आणि संध्याकाळी घरातलं पोरगं त्यावरच कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभं असतं. एका पेनड्राइव्हने एका दिवसात चार पीसी पाहिले, तर त्यातला एक बाधित असणं पुरेसं आहे.

परत येण्याचं कारण एकच. हा शॉर्टकट व्हायरस दोन ठिकाणी राहतो: पेनड्राइव्हवर आणि पीसीत. नुसता पेनड्राइव्ह साफ केला तर पीसी त्याला लावताक्षणी पुन्हा बाधित करतो. नुसता पीसी साफ केला तर ड्रॉवरमधला दुसरा पेनड्राइव्ह तो परत आणतो. गादी उन्हात टाकली आणि खाट तशीच ठेवली तर ढेकूण जात नाहीत, तसंच हे. म्हणून खालचं काम एकाच दिवशी, एकाच बैठकीत करायचं आणि आधी पीसी, मग पेनड्राइव्ह हा क्रम मोडायचा नाही.

आधी खात्री करा की हा तोच त्रास आहे

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आत चार शॉर्टकट दिसतात, प्रत्येक एक-दोन केबीचा, पण वापरलेली जागा साडेपाच जीबी? मग डेटा जागेवर आहे, फक्त लपवलेला. अशा वेळी दुकानात ‘रिकामा आहे, फॉरमॅट मारू’ असं कुणी म्हणालं तर पेनड्राइव्ह हातातून सोडू नका. नुकसान व्हायरसमुळे होतं त्यापेक्षा या घाईमुळे जास्त होतं.

शॉर्टकट ओळखताना फाइलच्या नावाच्या शेपटावर भरवसा ठेवू नका. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू केला तरी शॉर्टकटचं ‘एलएनके’ हे एक्स्टेन्शन दिसत नाही, ते मुद्दाम कायम लपवलेलं असतं. खूण दोनच: बाण, आणि ‘डिटेल्स’ मांडणीतल्या ‘टाइप’ रकान्यात ‘शॉर्टकट’ हा शब्द. डबल क्लिक न करता एकाचे प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची चौकट वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे सरळ फोल्डरचा पत्ता असतो. इथे मात्र सुरुवात सीएमडी डॉट ईएक्सईने होते आणि पुढे डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ हे दुसऱ्या फाइली चालवणारे विंडोजचेच प्रोग्रॅम भेटतात. चौकटीत कर्सर ठेवून ‘एंड’चं बटण दाबा, कारण खरा भाग पुष्कळदा रिकाम्या जागा सोडून उजवीकडे लांब ढकललेला असतो. त्या शेवटच्या भागात बहुधा तुमचं खरं फोल्डर उघडण्याचीही सूचना असते. म्हणूनच क्लिक केल्यावर फोल्डर नेहमीसारखं उघडतं आणि कुणाला संशय येत नाही.

दोन गोष्टी यात मोडत नाहीत. ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येत असेल तर ती फाइल सिस्टिम बिघडल्याची खूण आहे, बहुतेक वेळा चालू कॉपीत पेनड्राइव्ह उपटल्यामुळे. आणि फाइली दिसतात, नावं बरोबर, पण उघडत नाहीत, असं असेल तर पेनड्राइव्हची क्षमता खोटी असू शकते: वर ५१२ जीबी छापलेलं, आत ८ किंवा १६. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह लिहून आणि वाचून खरी क्षमता सांगतं. तपासण्याआधी आतल्या फाइली दुसरीकडे हलवा.

पीसी: सगळे पेनड्राइव्ह बाहेर, इंटरनेट बंद

लॅनची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये जा. डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई चालू दिसली तर ‘एंड टास्क’ करा. ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, ती व्हायरस नाही, म्हणून ती डिलीट करण्याच्या मागे लागू नका. व्हायरस म्हणजे तिला वाचायला दिलेली स्क्रिप्ट. ती स्क्रिप्ट चालू असेपर्यंत पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट पुसले तरी काही सेकंदांत परत उमटतात. ‘डिलीटच होत नाहीत’ ही तक्रार इथूनच येते.

आता टास्क मॅनेजरचाच ‘स्टार्टअप’ भाग. विंडोज ११ मध्ये त्याचं नाव ‘स्टार्टअप ॲप्स’. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा. हे सहसा कुणी करत नाही आणि सगळं तिथेच निसटतं. कारण बाधित नोंदीचं नाव यादीत ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ असं दिसतं, प्रकाशक म्हणून मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन. नाव बघून माणूस पुढे जातो. कमांड लाइनच्या रकान्यात मात्र टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरमधल्या एखाद्या व्हीबीएस, व्हीबीई किंवा जेएस फाइलचा पत्ता असतो. तो पत्ता कागदावर लिहून घ्या, नोंद ‘डिसेबल’ करा, मग त्या पत्त्यावर जाऊन फाइल पुसा.

एवढ्यावर थांबलात तर पुन्हा आठवड्यात भेट होईल. आणखी तीन जागा बघायच्या आहेत.

पहिली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. विंडोजचं बटण आणि आर दाबून रेजएडिट चालवा. करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन या वाटेने जा, आणि तीच वाट लोकल मशीनखालीही बघा. मघाशी लिहून घेतलेला पत्ता जिथे दिसेल तेवढीच नोंद काढा. इथे अंदाजाने काहीही पुसायचं नाही.

दुसरी, आणि सगळ्यांत जास्त सुटणारी, टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी यादी. स्टार्टमध्ये हेच नाव शोधून उघडा, डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक करा आणि एकेका कामाचा ‘ॲक्शन्स’ भाग पाहा. डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल, एमएसएचटीए किंवा रनडीएलएल३२ वापरून ॲपडेटा, टेम्प किंवा पब्लिक फोल्डरमधलं काही चालवलं जात असेल, आणि ‘ट्रिगर्स’मध्ये दर काही मिनिटांनी असं लिहिलेलं असेल, तर ते काम डिलीट करा. ब्राउझर, प्रिंटर आणि अँटिव्हायरसचीही कामं याच यादीत असतात. त्यांचे पत्ते प्रोग्रॅम फाइल्समधले असतात. ती राहू द्या.

तिसरी जागा विंडोज सिक्युरिटीतली. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’. यात टाकलेल्या जागा डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासतच नाही. काही व्हायरस स्वतःची जागा इथे नोंदवतात. पण पुष्कळदा ही नोंद माणसानेच केलेली असते: क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, हे फोल्डर वगळा’ अशी सूचना असते आणि ती निमूट पाळली जाते. यादीत सी ड्राइव्ह अख्खाच वगळलेला दिसला तर ‘अँटिव्हायरस असून उपयोग नाही’ या तक्रारीचं उत्तर मिळालं म्हणून समजा. सगळ्या नोंदी काढा.

इंटरनेट थोडा वेळ जोडून डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखण्याची यादी) अपडेट करा आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन निवडा. पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. त्या वेळी व्हायरस चालू नसतो, म्हणून तो लपू शकत नाही. नंतर एक फुल स्कॅनही चालवा. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याची मुदत बघा. संपलेली मुदत आणि कोपऱ्यात नुसतं लटकलेलं चिन्ह, हे दृश्य नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत दुकानादुकानांत आहे. नूतनीकरण करायचं नसेल तर तो काढून टाका आणि डिफेंडर चालू झाल्याची खात्री करा.

टास्क मॅनेजर उघडतच नसेल किंवा उघडून लगेच बंद होत असेल तर सेफ मोडमध्ये जावं लागेल. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर इथे बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का, ते फोनवरून आधी बघून घ्या, मगच रीस्टार्ट करा.

आता पेनड्राइव्ह

साफ झालेल्या पीसीला एक पेनड्राइव्ह लावा. तो उघडू नका. ‘धिस पीसी’मध्ये त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून डिफेंडरचं स्कॅन चालवा. डिफेंडरचं फुल स्कॅन मुळात पेनड्राइव्ह तपासत नाही, म्हणून हे वेगळं करावं लागतं.

स्कॅनने व्हायरस गेला तरी फाइली लपलेल्याच राहतात. त्या दाखवायला ‘हिडन आयटम्स’ चालू केलं तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. कारण फाइलींना ‘हिडन’सोबत ‘सिस्टिम’ हाही गुण लावलेला असतो, आणि अशा फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’ची खूण काढायला गेलात तर ती चौकट फिकी पडलेली, हलत नाही. इथे कमांड प्रॉम्प्टच लागतो. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून तो उघडा. पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ई आणि कोलन टाइप करून एंटर मारा. ओळीच्या सुरुवातीला ई दिसायलाच हवं, नाहीतर पुढचा आदेश पीसीच्या डिस्कवर चालेल. मग इंग्रजीत एका ओळीत: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, वजा एस, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, स्टार टिंब स्टार, स्पेस, तिरकी रेघ एस, स्पेस, तिरकी रेघ डी, एंटर. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, एंटरच्या वरची नव्हे. वजा एस विसरून नुसतं वजा एच दिलं तर ‘नॉट रीसेटिंग सिस्टिम फाइल’ असं उत्तर येतं आणि काही बदलत नाही.

‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या फोल्डरसाठी ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर घाबरू नका. ते फोल्डर विंडोज स्वतःच पेनड्राइव्हवर तयार करतं.

आता फोल्डरं दिसू लागतील. कधी एक निनावी फोल्डर दिसतं, नावाच्या जागी काहीच नाही. ते नाव रिकामं नसून न दिसणाऱ्या एका अक्षराचं आहे, आणि व्हायरसने तुमचा सगळा डेटा त्यात सरकवलेला असतो. डिझाइनची फाइल जकार्डच्या कंट्रोलरवर सापडत नाही आणि मशिन बिघडलं म्हणून मेकॅनिकला फोन जातो, त्यामागे काही वेळा हेच असतं: फाइल आहे, पण नेहमीच्या जागी नाही.

हव्या त्या फाइली पीसीवर एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. पीडीएफ, वर्ड, एक्सेल, फोटो, टॅलीचा बॅकअप, डिझाइनच्या फाइली, एवढंच. ईएक्सई, व्हीबीएस, बीएटी, एससीआर, एलएनके शेपटाचं काही घेऊ नका. ‘फोटो’ नावाची आणि फोल्डरचं चिन्ह असलेली ईएक्सई फाइल हा जुना पण अजून चालणारा फसवा प्रकार आहे, तेव्हा कॉपी करण्याआधी एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा. कॉपी केलेल्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. त्यानंतरच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि फाइली परत टाका.

हाताशी साफ पीसी नसेल आणि फाइल आत्ताच हवी असेल तर ओटीजीने (फोनला यूएसबी जोडणाऱ्या छोट्या जोडणीने) पेनड्राइव्ह अँड्रॉइड फोनला लावा. विंडोजचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट फोनवर चालत नाहीत, आणि विंडोजचा ‘हिडन’ गुण बहुतेक फोन जुमानत नाहीत, म्हणून खऱ्या फाइली तिथे सरळ दिसतात. हवी ती फोनमध्ये घ्या आणि ईमेलने पाठवा. पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर मात्र काही फोन तो वाचत नाहीत.

एक झाला की दुसरा, मग तिसरा. ड्रॉवरमधले सगळे, बॅगेतले, कॅमेऱ्याचं कार्ड, एक्स्टर्नल हार्ड डिस्कसुद्धा. ऑफिसात तीन पीसी एकाच शेअर्ड फोल्डरवर असतील तर तिन्ही त्याच दिवशी. उद्यावर ठेवलेला एक पीसी बाकीचं सगळं काम वाया घालवतो.

परत येऊ नये म्हणून

पेनड्राइव्ह लावताक्षणी आपोआप चालणारा ऑटोरन मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून बंद केला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसा अपडेट दिला. तेव्हापासून या व्हायरसांना तुमचा एक डबल क्लिक लागतो. शॉर्टकट हा त्या क्लिकसाठी लावलेला सापळा.

झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांना दोन बंदोबस्त लागतात, एकाने भागत नाही. पहिला, विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत ‘रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस’खाली ‘रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस’ चालू करणं. याने पेनड्राइव्हवरची ईएक्सई चालत नाही. पण व्हीबीएस स्क्रिप्ट याला चकवते, कारण चालणारा प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरचा असतो आणि स्क्रिप्ट फक्त वाचली जाते. म्हणून दुसरा: रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे ‘एनेबल्ड’ नावाची ड्वर्ड नोंद करून किंमत ० द्यायची. यानंतर कुठलीही व्हीबीएस चालवली की ‘स्क्रिप्ट होस्ट बंद आहे’ असा संदेश येतो. स्टार्टअपला तो संदेश स्वतःहून आला तर समजा, व्हायरसचा एखादा अवशेष राहिला आहे. एखादं जुनं सॉफ्टवेअर स्क्रिप्टवर चालत असेल तर ते अडेल. तेव्हा किंमत १ करून मागे येता येतं.

रोज बसायच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नकोत. जमलं तर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह पीसीला लावूच नका. अनेक मोठ्या झेरॉक्स मशिनना स्वतःचं यूएसबी पोर्ट असतं, पीडीएफ तिथून थेट छापता येते. ४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून तो फक्त पेनड्राइव्ह घेण्यासाठी ठेवणं हाही स्वस्तातला, चांगला उपाय आहे.

जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ चा पीसी राखून ठेवलेला असेल तर त्याला इंटरनेट देऊ नका, आणि त्यातून फक्त पीडीएफ बाहेर काढा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला.

विद्यार्थ्यांनी पेनड्राइव्हऐवजी दुकानाच्या ईमेलवर पीडीएफ पाठवावी. दुकानाच्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब उघडलंच तर निघताना फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून तो पीसी काढून टाका, नुसती खिडकी बंद करून लॉगआउट होत नाही.

शॉर्टकट गेले, पण पासवर्डचं काय

हा व्हायरस फक्त फाइली लपवून गप्प बसत नाही. या घराण्यातल्या कित्येकांचं खरं काम बाहेरून आदेश घेणं आणि पासवर्ड चोरणारे किंवा फाइली कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम आत आणणं हे आहे. म्हणून त्या पीसीवरून नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल किंवा ईमेल वापरलं असेल तर पासवर्ड बदला, आणि ते दुसऱ्या साफ पीसीवरून किंवा फोनवरून. ईमेलचा सगळ्यांत आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच रीसेट होतात. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर.

टॅलीच्या बॅकअपसाठी दोन वेगळ्या हार्ड डिस्क ठेवा, एक दिवसाआड आलटूनपालटून. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात. कायम लावून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअप फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस मूळ डेटासोबतच बाद करतो. सल्लागाराकडे जाणारा पेनड्राइव्ह वेगळा, त्यावर दुसरं काही नको. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये रीस्टोअर करून शेवटचं व्हाउचर दिसतं का, ते पाहा.

हे सगळं करूनही टास्क शेड्यूलरमध्ये काढलेलं काम परत उगवत असेल, किंवा डिफेंडर चालूच होत नसेल, तर शोधाशोध सोडा आणि विंडोज नव्याने टाका. डेटा बाहेर काढून घ्या. दुसऱ्या साफ पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स काढा. डी ड्राइव्हही बहुधा त्याच डिस्कवर असतो, तेव्हा त्यातला डेटा आधी काढायला विसरू नका. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये डिजिटल लायसन्स दिसत असेल तर त्याच पीसीवर तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की लागत नाही. दुकानदार ‘फुकटात ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, कारण तो ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी पहिल्याच मिनिटाला डिफेंडर बंद केला जातो.